हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन आणि वाढतं क्रिएटिनिन : आधी किडनी की आधी ऑपरेशन?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. दवाखान्याच्या आवारात बसून मोबाईलवर लिहितोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आम्ही केज तालुक्यातले. माझी थोरली बहीण, वय ३८, वजन ४० किलोच्या आसपास. दरसाल दाजींबरोबर ऊसतोडीला जाते. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, पुढं चढावर दम लागायला लागला. अंबाजोगाईला इको झाला तेव्हा झडप खराब झालीय, दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्या असं सांगितलं होतं. काही वर्षं घेतलं. पण सहा महिने फडावर राहणाऱ्या बाईला ते इंजेक्शन कोण देणार? बंद पडलं.

यंदा फडावरच ताप सुरू झाला. संध्याकाळी हुडहुडी, रात्री घाम, पहाटे पुन्हा कोयता हातात. तिथल्या दवाखान्यात सलाईन, अँटिबायोटिक आणि अंगदुखीची इंजेक्शनं. दोन दिवस ताप जायचा, परत यायचा. महिना-दीड महिना असंच चाललं. पाय सुजले, रात्री आडवं पडता येईना, तेव्हा उचल अंगावर असतानाच गाडी करून तिला संभाजीनगरला आणलं.

इथं अन्ननलिकेतून इको केला. मायट्रल झडपेवर १४ मिलिमीटरचा गोळा आहे आणि झडप जोरात गळतेय. रक्तातले जंतू उगवून बघायची तपासणी, म्हणजे कल्चर, तीनदा पाठवलं, काही उगवलं नाही. सेफ्ट्रिॲक्सोन, व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स चालू आहेत. आली तेव्हा क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचतं ते) १.० होतं, आता २.६ झालंय. लघवी कमी होतेय आणि रंग काळ्या चहासारखा.

ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणतात झडप बदलावीच लागेल, फार दिवस थांबता येणार नाही. दुसरे एक डॉक्टर म्हणायलेत की किडनी सुधारू द्या, मग बघू. घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात किडनी बसलेल्या बाईला टेबलावर घेतलं तर ती परत उठत नाही. दाजींना काहीच सुचेना झालंय. इथं कुणी जाणकार असेल, कुणाच्या घरात हे झालं असेल, तर कृपा करून लिहा.

गोदातीर

मांजराकाठ, मी नांदेडला किडनीचे पेशंट बघतो. फाइल हातात नसताना 'करा' किंवा 'थांबा' असं मी लिहिणार नाही, तो निर्णय तिथल्या टीमनं ताईला तपासून घ्यायचा आहे. पण तुमच्या घरात जो वाद चाललाय तो मला चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं.

किडनी सुधारली की ऑपरेशन, हे तेव्हाच बरोबर जेव्हा किडनी झडपेशिवाय दुसऱ्याच कारणानं बिघडलीय आणि तोवर हृदय तग धरणार आहे. किडनी झडपेमुळंच बसत चालली असेल तर थांबून ती सुधारणार कशी? कारण तर आत तसंच बसलेलं आहे. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा की किडनी कशानं बिघडली.

या आजारात किडनीवर घाला बऱ्याच वाटांनी येतो, आणि एकाच पेशंटमध्ये दोन-तीन वाटा एकत्र असणं हेच नेहमीचं.

एक, खुद्द हृदय. झडप गळते म्हणून पुढं रक्त कमी जातं, हे सगळ्यांना कळतं. पण मागच्या बाजूनं शिरांमधला दाब वाढतो आणि किडनीतून रक्त बाहेर पडायलाच अडथळा होतो, हे लक्षात येत नाही. खालच्या बांधाला वाट नसली की वरचं रान चिबडतं, तसं. अशा किडनीला सलाईन चढवून उपयोग नसतो, उलट लघवीच्या इंजेक्शनानं पाणी काढल्यावर क्रिएटिनिन खाली येतं. ताईच्या पायाला सूज आहे, आडवं पडता येत नाही, म्हणजे ही वाट तिच्यात नक्की उघडी आहे.

दोन, झडपेवरचा गोळा. त्यात जंतू, रक्तातल्या प्लेटलेट्स आणि फायब्रिन असतं. त्याचा तुकडा सुटला की रक्ताबरोबर मेंदू, प्लीहा, किडनी, कुठंही जाऊन अडकतो. किडनीत अडकला तर तेवढा भाग मरतो. कुशीत अचानक दुखतं, लघवीत रक्त येतं, कधी काहीच जाणवत नाही.

तीन, आणि चहासारख्या लघवीमुळं मला हीच शंका जास्त येते. शरीर जंतूंशी लढताना जे प्रतिपिंड तयार करतं ते जंतूंच्या कणांना चिकटून किडनीच्या गाळणीत जाऊन बसतात आणि गाळणी सुजते. याला ग्लोमेरुलोनेफ्रायटिस म्हणतात. लघवीत प्रथिनं आणि तांबड्या पेशी सापडतात, मायक्रोस्कोपखाली त्या पेशींचे साचे दिसतात, आणि रक्तातलं सी-३ नावाचं प्रथिन बहुधा कमी असतं. या दोन्ही तपासण्या साध्या आहेत, झाल्या नसतील तर विनंती करा. २००० साली ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या आजाराच्या ६२ रुग्णांच्या किडनीचा तुकडा तपासला होता. ३१ टक्क्यांत असे मेलेले भाग होते आणि २६ टक्क्यांत गाळणीची सूज. म्हणजे दोन्ही गोष्टी दुर्मीळ नाहीत.

चार, औषधं. जेंटामायसिन किडनीच्या नळ्यांमध्ये साठत जातं आणि साधारण पाच-सात दिवसांनी क्रिएटिनिन चढायला लागतं, मात्र लघवी बहुतेक वेळा चालू राहते. व्हँकोमायसिनची रक्तातली पातळी मोजून डोस ठरवावा लागतो. सेफ्ट्रिॲक्सोनच्या गटातल्या औषधांची काही जणांना ॲलर्जी होऊन किडनी सुजते, सोबत पुरळ किंवा पुन्हा ताप येऊ शकतो. फडावर दीड महिना जी अंगदुखीची इंजेक्शनं घेतली ती बहुतेक डायक्लोफेनॅकची असणार. नीट रक्त न मिळणाऱ्या किडनीला ते फार वाईट.

यात डाय (फोटो नीट दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन केलेल्या सिटी स्कॅनची भर पडली आहे का, तेही बघा.

दुष्काळी

म्हणजे जेंटामायसिननंच केलं हे. आली तेव्हा १.० आणि यांनी औषध दिल्यावर २.६. सरळ तक्रार करा मांजराकाठ. गरिबाला काही कळत नाही म्हणून वाटेल ते टोचतात.

गोदातीर

दुष्काळी, राग समजतो. पण ज्या आजारात कल्चरमध्ये जंतू सापडला नाही आणि पेशंट गंभीर आहे, तिथं सुरुवातीला जास्त जंतूंना कव्हर करणारी औषधं द्यावीच लागतात. जेंटामायसिन ठरावीक प्रकारात आणि थोडे दिवस वापरायचं औषध आहे. झडप मूळची असेल आणि जंतू स्टॅफिलोकोकस असेल तर ते आता देत नाहीत, कारण फायदा सिद्ध झाला नाही आणि किडनीचा तोटा दिसला. एंटरोकोकस असेल तर अँपिसिलिन आणि सेफ्ट्रिॲक्सोन अशी जोडी वापरून ते टाळता येतं. तेव्हा आज विचारायचं ते असं : 'क्रिएटिनिन वाढलंय, जेंटामायसिन अजून गरजेचं आहे का? त्याऐवजी दुसरं काही चालेल का?' असं विचारलेलं कुठल्याही चांगल्या डॉक्टरला आवडतं.

कल्चर रिकामं येण्याचं कारणही बहुधा फडावरची अँटिबायोटिक्स. जंतू अर्धवट मारले की ते बाटलीत उगवत नाहीत, झडपेवर मात्र राहतात.

मांजराकाठ, घरी शेळ्या-म्हशी आहेत का? कच्चं दूध पिण्यात येतं का?

मांजराकाठ

हो, दोन शेळ्या आणि एक म्हैस. ताईच सगळं बघते, वेतसुद्धा तीच करते. याचा काय संबंध साहेब?

गोदातीर

ब्रुसेला आणि क्यू-फीवरचे जंतू जनावरांच्या वेतातून, जारेतून, कच्च्या दुधातून माणसाला लागतात आणि क्वचित झडपेवर बसतात. ते नेहमीच्या कल्चरमध्ये सहसा सापडत नाहीत, रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. औषधंही वेगळी लागतात. राउंडला डॉक्टर आले की जनावरांची गोष्ट आठवणीनं सांगा. आपल्या भागात ही माहिती पेशंटकडून कुणी विचारून घेत नाही आणि पेशंट आपणहून सांगत नाही.

बालाघाट

मी भूलतज्ज्ञ आहे, हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देतो. गोदातीरांशी सहमत, फक्त एक भर घालतो. 'आली तेव्हा क्रिएटिनिन १.० होतं, म्हणजे किडनी चांगली होती' असं सगळे धरून चाललेत. ३८ वर्षांची, ४० किलोची बाई. गणित मांडून बघा : १४० मधून वय वजा केलं की १०२, गुणिले ४० किलो, बाईसाठी गुणिले ०.८५, आणि त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिननं भागायचं. उत्तर ४८ येतं. म्हणजे किडनी मिनिटाला साधारण ४८ मिलिलीटर गाळते. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. अंगावर मांसच नसलेल्या माणसाचं क्रिएटिनिन रिपोर्टवर नॉर्मलच्या रकान्यात बसतं आणि किडनी मात्र अर्ध्यावर आलेली असते. (क्रिएटिनिन रोज बदलत असताना हे सूत्र काटेकोर लागू पडत नाही, हे मान्य. पण अंदाज येतो.)

हे सांगण्याचं कारण असं की ऑपरेशनचा धोका मोजायला आम्ही युरोस्कोर-२ वापरतो, त्यात ८५ च्या वर, ५० ते ८५, ५० च्या खाली आणि डायलिसिसवर अशा पायऱ्या आहेत. ताई दवाखान्यात आली त्या दिवशीच ५० च्या खाली होती. तिच्या अंगावरची औषधं त्या हिशेबानं मोजली गेली का, हे विचारायला हवं.

आता तुमच्या मामांच्या भीतीबद्दल. ती निराधार नाही. किडनी खराब असताना धोका वाढतो हे खरंच आहे, कुणी तुम्हाला काही होणार नाही असं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण तुलना कशाशी करायची? ऑपरेशन न केलेल्या ताईशी. दम लागून आडवं पडता येत नाही, गळती जोराची, गोळा १० मिलिमीटरच्या वर, अशा पेशंटला नुसत्या औषधांवर ठेवण्याचा धोका बहुधा त्याहून मोठा असतो. २०२३ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांत यासाठी वेळाही दिल्या आहेत : फुप्फुसात पाणी भरून पेशंट कोलमडत असेल तर २४ तासांत, घाई असेल तर ३ ते ५ दिवसांत, आणि घाई नसली तरी त्याच ॲडमिशनमध्ये. घरी जा आणि दोन महिन्यांनी या, असं त्यात नाही.

२०१२ मध्ये दक्षिण कोरियातला एक अभ्यास आला होता, ७६ रुग्णांचा. गोळा मोठा आणि गळती जोराची असलेल्यांचं ४८ तासांत ऑपरेशन केलं तेव्हा तुकडा सुटून होणारे अपघात खूप कमी झाले. ते पेशंट तुलनेनं धडधाकट होते, त्यामुळं तो जसाच्या तसा ताईला लावू नये. पण थांबणं म्हणजे सुरक्षित राहणं नव्हे, एवढं त्यातून दिसतं.

थांबावं लागतं अशाही केस असतात. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर थांबतात, कारण ऑपरेशनवेळी हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर रक्त पातळ करावं लागतं. झडप शांत आहे, दम नाही, ताप गेलाय आणि किडनी निव्वळ औषधानं बिघडलीय, तर औषध बदलून काही दिवस बघणं शहाणपणाचं. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात नक्की काय आहे ते दोघांना एकत्र बसवून ऐका. हार्टवाले, किडनीवाले, इन्फेक्शनवाले आणि भूलवाले एका टेबलाशी बसणं हाच या आजाराचा अर्धा उपचार आहे.

आणखी एक. ऑपरेशनआधी अँजिओग्राफी सांगतील. चाळिशीच्या आतली, पाळी चालू असलेली, शुगर-बीपी-तंबाखू नसलेली बाई असेल तर ती बहुतेकदा टाळता येते. तेवढाच डाय वाचतो. मिश्री लावत असेल तर लपवू नका.

लातूरकर_७२

मांजराकाठ, आमच्या वडिलांची केस सांगतो, धीर येईल. वय ६१, ॲओर्टिक झडप, दातातून जंतू गेला होता. क्रिएटिनिन ३ च्या वर असताना ऑपरेशन झालं. नंतर लघवी बंद. डायलिसिस लावलं तेव्हा आईनं हंबरडा फोडला, कारण आमच्या गल्लीत डायलिसिस म्हणजे संपलं असाच समज. तीनेक आठवड्यांनी लघवी हळूहळू सुरू झाली आणि मशीन सुटलं ते सुटलंच. आज ते शेतावर जातात. सगळ्यांचं असंच होईल असं म्हणत नाही, पण डायलिसिस लागलं म्हणून हातपाय गाळू नका.

सिंदफणा

एक विचारू का? आमच्या नात्यात एकाला किडनीची गाळणी सुजली म्हणून स्टिरॉइड दिलं होतं, महिन्याभरानं झडपेचं इन्फेक्शन निघालं. मग मांजराकाठच्या ताईची गाळणी सुजली असेल तर स्टिरॉइड देतील का?

गोदातीर

फार महत्त्वाचा मुद्दा. झडपेच्या इन्फेक्शनमध्ये रक्तातली अँका नावाची तपासणी कधीकधी पॉझिटिव्ह येते. ती मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या सुजेच्या एका वेगळ्या आजारात येते, आणि त्या आजारावर जोरदार स्टिरॉइड देतात. इथं दिलं तर जंतूंना मोकळं रान मिळतं. म्हणून ताप, किडनी आणि हृदयात आवाज असं त्रिकूट दिसलं की स्टिरॉइडआधी इको आणि कल्चर झालंच पाहिजे. झडपेमुळं गाळणी सुजली असेल तर पहिला इलाज जंतूचा नायनाट हाच. त्यानंतरही किडनी ढासळत राहिली तरच बाकीचा विचार, तोही जपून.

सिस्टर_परभणी

मी हृदय शस्त्रक्रियेच्या आयसीयूत काम करते. डॉक्टरांनी मोठं मोठं सांगितलं, मी नातेवाइकांच्या हातातलं सांगते.

कॅथेटर लावला असेल तर लघवीच्या पिशवीजवळ तासाची लघवी मोजायचं एक छोटं भांडं असतं, त्यावर मिलिलीटरच्या खुणा असतात. ४० किलोच्या बाईला तासाला २० मिलिलीटरच्या खाली लघवी सलग सहा तास राहिली तर किडनीला इजा होतेय असं धरतात. क्रिएटिनिन वाढायला दिवस लागतो, हे भांडं त्याआधी सांगतं. तुम्ही मोजायची गरज नाही, सिस्टर मोजतात. पण 'सिस्टर, रात्रीचं आउटपुट किती झालं?' असं सकाळी विचारलं तर आम्हालाही बरं वाटतं की कुणी लक्ष देतंय.

पाणी किती द्यायचं ते ठरवून दिलेलं असतं. बाहेरून नारळपाणी, मोसंबीचा ज्यूस आणून पाजणारे नातेवाईक रोज भेटतात. प्रेमानंच आणतात, पण दोन्हींत पोटॅशियम असतं आणि किडनी बसलेली असली की ते रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडवतं. ताईला तोंड फार कोरडं पडलं तर चूळ भरू द्या.

रोज सकाळी एकाच काट्यावर वजन झालं पाहिजे. अंगात पाणी चढतंय की उतरतंय हे वजनाइतकं खरं दुसरं काही सांगत नाही.

आणि कसल्याही दुखण्याला बाहेरच्या मेडिकलमधून गोळी आणून देऊ नका.

वाघूर_नदी

माझ्या माहितीत किडनीसाठी पुनर्नवा-गोखरूचा काढा फार गुणकारी आहे. ऑपरेशन करण्याआधी पंधरा दिवस देऊन बघा, क्रिएटिनिन खाली येतं.

गोदातीर

वाघूर_नदी, मनापासून विनंती, हा सल्ला इथं देऊ नका. ही जुनाट किडनीची केस नाही. आठवड्याभरात किडनी बसलीय, झडपेवर १४ मिलिमीटरचा गोळा आहे, लघवी कमी आहे. या अवस्थेत तोंडानं दिलेला कुठलाही काढा म्हणजे मोजमाप नसलेलं पाणी आणि पोटॅशियम. आणि पंधरा दिवस तिच्याकडं नाहीत.

आरोग्यवाट

पैशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याचं ऑपरेशन आणि डायलिसिस दोन्ही बसतं. आता वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या कार्डावरही आधीपासून लाभ होता, पुढं योजना सगळ्यांसाठी खुली झाली. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडं जा. योजनेच्या दवाखान्यात हा कक्ष असतोच. तातडीची केस असेल तर आधी फोनवरून कळवून मंजुरी घ्यायची आणि कागद नंतर द्यायचे, अशी सोय आहे. ताईचं नाव सासरच्या कार्डावर आहे की माहेरच्या, हे आजच तपासा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची कार्डं बऱ्याचदा गावी पेटीत राहतात किंवा मुकादमाकडं असतात. कुणाला तरी लगेच गावाकडं पाठवा. मुख्यमंत्री सहायता निधीचाही अर्ज भरून ठेवा.

मांजराकाठ

सगळ्यांचे पाय धरावेत असं वाटतंय. कार्ड सासरीच होतं, भाचा घेऊन निघालाय.

आज दोन्ही डॉक्टरांना एकत्र भेटलो. लघवीत तांबड्या पेशींचे साचे निघाले, सी-३ कमी. म्हणजे गोदातीर साहेब म्हणाले तेच. जेंटामायसिन बंद केलंय. लघवीच्या इंजेक्शनानं थोडी सूज उतरली आणि क्रिएटिनिन २.६ चं २.३ झालं. थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांनी समजावलं की त्यांना महिनाभर थांबायचं नव्हतंच, फुप्फुसातलं पाणी काढून दोन दिवसांत ऑपरेशनला द्यायचं होतं. आमच्याच ऐकण्यात घोळ झाला. मेंदूचा स्कॅन डाय न देता केला, रक्तस्राव नाही. मामा अजून नाराज आहेत पण सहीला तयार झालेत.

आता झडप कुठली बसवायची ते विचारतायत. धातूची की जनावराची?

बालाघाट

शक्य असेल तर ताईची स्वतःचीच झडप दुरुस्त करणं उत्तम, पण संधिवाताच्या तापानं खराब झालेल्या झडपेत ते नेहमी जमत नाही. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआरची तपासणी वरचेवर. मायट्रल जागी धातूची असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. जनावराच्या झडपेला ती गोळी बहुधा काही महिनेच लागते, मात्र तरुण माणसात ती लवकर झिजते आणि पुन्हा ऑपरेशन येतं. किडनी कायमची खराब राहिली तर आणखी लवकर.

वयाकडं बघून धातूची सुचवतील. पण सर्जनला हे नक्की सांगा की ताई सहा-सहा महिने फडावर असते. उसाच्या पाचटात झोपडी, जवळ लॅब नाही, अशा ठिकाणी आयएनआर कोण करणार? पेनिसिलिनचं इंजेक्शन ज्या कारणानं बंद पडलं त्याच कारणानं ही गोळीही बिघडेल. ताई पुन्हा तोडीला जाणार नसेल, गावात राहून महिन्याला अंबाजोगाई किंवा केजला तपासणी जमणार असेल, तर हिशेब वेगळा. हा निर्णय घरच्यांनीच प्रामाणिकपणे घ्यायचा आहे. आपल्याकडची धातूची श्री चित्रा झडप, जी तिरुवनंतपुरमला तयार झाली आणि १९९० पासून वापरात आहे, ती परदेशी झडपांपेक्षा स्वस्तही आहे.

भूमकन्या

ऑपरेशनच्या वेळी किडनी वाचवायला काय करतात? आणि डायलिसिस आधीच लावून ठेवलं तर बरं नाही का?

बालाघाट

हार्ट-लंग मशीनवर असताना रक्तदाब आणि हिमोग्लोबिन फार खाली जाऊ द्यायचं नाही, मशीनचा वेळ कमी ठेवायचा, किडनीला मारक औषधं टाळायची. २०२४ मध्ये ३,५११ रुग्णांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात ऑपरेशनच्या काळात शिरेतून अमिनो आम्लं दिल्यावर किडनीला इजा होण्याचं प्रमाण ३१.७ वरून २६.९ टक्क्यांवर आलं. तो आधी ठरवून, हार्ट-लंग मशीनवर केलेल्या हृदय शस्त्रक्रियांचा होता, ताईसारख्या केसला किती लागू पडेल ते टीम ठरवेल.

गोदातीर

डायलिसिसबद्दल : २०२० मध्ये सुमारे ३,००० गंभीर रुग्णांवर हेच तपासलं गेलं. तातडीचं कारण नसताना आधीच डायलिसिस लावून जीव जास्त वाचले नाहीत, उलट वाचलेल्यांपैकी जास्त जण ९० दिवसांनंतरही मशीनवर राहिले. पोटॅशियम वाढलं, आम्ल वाढलं, फुप्फुसात पाणी भरलं आणि औषधानं उतरेना, तेव्हा मात्र एक तासही दवडायचा नाही.

मांजराकाठ

उशिरा लिहितोय, माफ करा. ऑपरेशन झालं. झडप दुरुस्त होण्यासारखी नव्हती. दाजींनी सांगितलं की हिला पुन्हा तोडीला नेणार नाही, म्हणून धातूची बसवली. नंतर दोनदा डायलिसिस लागलं. आता लघवी चांगली होते, ताई भिंतीला धरून चालते. पण क्रिएटिनिन १.७ वर अडकलंय, खाली येईना. लघवीत प्रथिनं अजून जातात. ब्रुसेला निगेटिव्ह आला. काढलेल्या झडपेत मात्र स्ट्रेप्टोकोकस सापडला. अजून सहा आठवडे इंजेक्शन म्हणतात. आधीचे धरत नाहीत का?

गोदातीर

काढलेल्या झडपेच्या कल्चरमध्ये जिवंत जंतू उगवला असेल तर कोर्स ऑपरेशनच्या दिवसापासून नव्यानं मोजतात. उगवला नसेल, फक्त त्याची खूण सापडली असेल, तर लागू पडणारं औषध ज्या दिवशी सुरू झालं तिथून मोजतात. तुमच्या रिपोर्टवर कल्चर पॉझिटिव्ह लिहिलंय की पीसीआर (जंतूच्या जनुकांची नुसती खूण शोधणारी तपासणी), ते बघा आणि त्यांना विचारा.

१.७ वर अडकणं अनपेक्षित नाही. सुजलेली गाळणी महिनोन्‌महिने सुधारत राहते, थोडी खूण कायमचीही राहू शकते. ४० किलोच्या अंगाला १.७ म्हणजे किडनी बरीच कमी चालतेय, त्यामुळं डिस्चार्जच्या कागदावर हे ठळक लिहून घ्या. दर महिन्याला क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं, सोबत बीपी. आयएनआरसाठी रक्त देणारच आहात, त्याच दिवशी हेही द्या.

सिस्टर_परभणी

आणि मांजराकाठ, दात दाखवल्याशिवाय ताईला घरी नेऊ नका. किडलेले असतील तर इथंच टीमच्या देखरेखीत काढून घ्या. पुढं कधीही दाताचं काम करायचं झालं तर तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, हे दातांच्या डॉक्टरला सांगायचं. नेहमी ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम देतात, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर. २१ दिवसांचं इंजेक्शनही पुन्हा चालू करावं लागेल, पण आता ती रक्त पातळ करण्याच्या गोळीवर आहे, म्हणून दंडात-कमरेत टोचायचं की तोंडानं गोळी द्यायची ते हार्टच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. गावातल्या आशाताईंना तो कागद दाखवा.

मांजराकाठ

दाताच्या विभागाचा उद्याचा नंबर लावलाय, सिस्टर. खालच्या दोन दाढा किडलेल्या आहेत म्हणे. रिपोर्टवर कल्चर पॉझिटिव्हच लिहिलंय, साहेब, म्हणजे सहा आठवडे पूर्ण करतो. आरोग्यवाट, योजनेतून ऑपरेशनचं बसलं, पण डिस्चार्जनंतरच्या महिन्याच्या तपासण्या त्यात येतात का, तेवढं सांगाल?

आरोग्यवाट

काही ऑपरेशनांना योजनेतच फॉलोअपचं पॅकेज असतं, त्यात तपासण्या आणि औषधं येतात. तुमच्या पॅकेजला ते जोडलेलं आहे का, हे आरोग्यमित्र कॉम्प्युटरवर बघून सांगेल. डिस्चार्ज व्हायच्या आधी विचारा, गावी गेल्यावर परत संभाजीनगरची खेप पडते. नसेल तर क्रिएटिनिन आणि आयएनआर अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात करता येईल का, तेही इथूनच चिठ्ठी घेऊन जा.